फरशीचे सांधे: ग्राउट भरायचं की व्हाइट सिमेंटच ओढायचं? (बाथरूमचं काम अर्ध्यात आहे, लवकर सांगा)

कळंबा_रिंगरोड · शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आमचा फ्लॅट कोल्हापुरात कळंब्याला, तिसऱ्या मजल्यावर. इमारतीला सोळा वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यात खालच्या काकूंच्या बाथरूमच्या छताला ओल आली, रंगाचे पापुद्रे सुटले. आधी वाटलं पाइप फुटला. प्लंबरनं सगळी लाइन तपासली, पाइप ठणठणीत. मग मिस्त्रीमामांनी नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे पाणी जायच्या जाळीच्या, भोवतीच्या सांध्यात एक खिळा टेकवला, तर तो लोण्यात सुरी जावी तसा आत गेला. आत पांढरी पूड आणि काळं पाणी. मी रोज घासत होते ते वरचं वरचंच होतं, खाली सगळं रिकामं.

सगळं फोडलं. वॉटरप्रूफिंग परवा झालं. सोमवारपासून फरशी बसणार. जमिनीला १ बाय १ फुटाची खरखरीत, भिंतीला १ बाय २ ची गुळगुळीत. आता अडलंय ते सांध्यावर. दुकानदार म्हणतात, मध्ये जागा सोडून इपॉक्सी ग्राउट, म्हणजे सांधे भरायचा राळेचा तयार मसाला, भरा. मिस्त्रीमामा म्हणतात, "जोडून लावतो, वरनं व्हाइट सिमेंट ओढतो, तीस वर्षं हेच केलंय." सासूबाईंना फटी नको आहेत, फटीत मळ बसतो म्हणून. बजेट आधीच वर गेलंय. ग्राउटनं खरंच एवढा फरक पडतो का? की दुकानदारांना डबे खपवायचे आहेत?

उत्तरेश्वर_पेठ · शनिवार, रात्री ९:५२

ग्राउट भरा. दुसरा विचार करू नका.

थापी_ओळंबा · शनिवार, रात्री १०:३५

ताई, मी चाळीस वर्षं बांधकामावर काढली. आधी गवंड्याच्या हाताखाली, मग सुपरवायझर. तुमच्या मिस्त्रीमामांना मी नावं ठेवणार नाही, आम्हीही असंच करत होतो. मशिनवर कडा घासलेल्या, काटेकोर मापाच्या फरशा बाजारात आल्या आणि सांधा दिसायलाच नको असं गिऱ्हाइकाला वाटायला लागलं. दोन फरशांच्या मध्ये कागद जाईल न जाईल एवढीच जागा. त्यात काय भरणार? व्हाइट सिमेंटचा घोळ करून वरून ओढायचा आणि फडक्यानं पुसायचा. तो घोळ नखाएवढासुद्धा खोल उतरत नाही. चकचकीत दिसतं आणि दोन वर्षांत पडून जातं.

फरशी एका जागी बसलेली दिसते, पण ती बसून राहत नाही हे आधी लक्षात घ्या. खालचा स्लॅब वर्षानुवर्षं सुकतो आणि आकसतो. वरची फरशी उन्हानं, गरम पाण्यानं ताणते. हे सगळं कुठंतरी जिरायला पाहिजे. ३० फुटांचा हॉल घ्या. फरशी २० अंशांनी तापली तर एक मिलिमीटरहून जरा जास्तच वाढते. ऐकायला कमी वाटतं. पण दोन्ही टोकांना भिंत असेल, सगळ्या फरशा एकमेकींना चिकटून असतील, तर तो मिलिमीटर जाणार कुठं? वर. मग फरशी तंबूसारखी उठते.

आणि काठ. फरशी सगळ्यात कमजोर कुठं असेल तर काठाला. सांधा भरलेला असला की शेजारची फरशी तिला खांदा देते. रिकामा असला की बादली आपटली, काठाचा कपचा उडाला.

बाथरूमच्या जमिनीला ३ मिलिमीटर, भिंतीला २ मिलिमीटर सोडा. सांध्यात ठेवायचे प्लास्टिकचे छोटे तुकडे, म्हणजे स्पेसर, दुकानात पिशवीनं मिळतात, किंमत नगण्य. ही गोष्ट फरशी लावायच्या आधीच ठरवावी लागते. नंतर ठरवून उपयोग नाही, म्हणून एवढ्या रात्री लिहितोय.

गवंड्याचा_पोर · शनिवार, रात्री ११:०५

थापीकाका, तुमचं मला पटतंय, पण एक बाजू मी मांडतो. माझे वडील गवंडी. मंगळवार पेठेत त्यांनी जोडून लावलेल्या भिंतीच्या फरशा पंचवीस वर्षं झाली तरी जागच्या जागी हायत. व्हाइट सिमेंटच भरलंय. मग ते चुकलं का?

दुसरं म्हणजे, मालक फरशीला हजारो रुपये घालतो आणि सांधा भरायच्या मजुरीवर घासाघीस करतो. ग्राउट व्यवस्थित भरायला एक अख्खा दिवस लागतो. "दिवसभर नुसतं पुसत बसलाय" असं म्हणत्यात. मिस्त्री मग काय करणार? शेवटच्या दिवशी संध्याकाळी पोराच्या हातात फडकं देतो आणि हिशेबाला बसतो. मिस्त्रीला दोष देताना हे पण बघा.

थापी_ओळंबा · शनिवार, रात्री ११:२०

पोरा, शंभर टक्के खरं. मजुरीचं तर फारच खरं. वडिलांच्या भिंती टिकल्या, कारण भिंतीची फरशी छोटी होती, मागे पूर्ण सिमेंट-वाळूचा मसाला होता आणि बहुधा ती भिंत स्वयंपाकघराची किंवा कोरडी होती. बरोबर का?

गवंड्याचा_पोर · शनिवार, रात्री ११:२४

व्हय. स्वयंपाकघराचीच. आठ बाय आठ इंची.

ठाण्याहून_माहेरी · रविवार, सकाळी ७:५०

तुम्ही सगळे फरशी म्हणताय, मी वीस वर्षं ठाण्यात लादी म्हणतेय. आज परत फरशी म्हणायला बरं वाटलं.

आमच्या ठाण्याच्या घरी मे महिन्यात रात्री अडीच वाजता हॉलमध्ये बंदुकीसारखा आवाज झाला. सगळे उठलो. बघतो तर मधल्या दोन फरशा एकमेकींवर रेलून हातभर उंच उभ्या. घरात कुणीतरी शिरलं असंच वाटलं होतं. माणूस बोलावला, त्यानं पहिला प्रश्न विचारला, "स्पेसर वापरले होते का?" नव्हते. भिंतीच्या कडेलाही जागा सोडली नव्हती, थेट भिंतीला भिडवलं होतं.

वैभववाडी_घाटमाथा · रविवार, सकाळी ८:१५

आमच्याकडं गगनबावड्यात पण हेच, पण गच्चीवर. दिवसा ऊन, संध्याकाळी धो धो पाऊस. तापलेली फरशी एकदम गार होते. जोडून लावलेल्या गच्चीचं दोन पावसाळ्यांत वाटोळं झालं.

आकडेमोड · रविवार, सकाळी ९:३०

मी सिव्हिल इंजिनिअर. बजेटचा मुद्दा आलाय म्हणून हिशेब मांडतो, कारण ग्राउट महाग असतं या समजुतीनं लोक सगळ्यात चुकीच्या जागी पैसे वाचवतात.

१० बाय १० ची खोली धरा. २ बाय २ ची फरशी लावली तर २५ फरशा. आतल्या सांध्यांची लांबी ८० फूट. सांधा ३ मिलिमीटरचा असेल, तर १०० चौरस फुटांत सांध्यांचा पृष्ठभाग एक चौरस फूटसुद्धा भरत नाही. त्याच खोलीत १ बाय १ ची फरशी लावली तर सांधे १८० फूट होतात. म्हणजे फरशी छोटी तेवढे सांधे जास्त, आणि बाथरूममध्ये उतार काढायला आपण छोटीच फरशी घेतो. सगळ्यात जास्त सांधे घरातल्या सगळ्यात ओल्या जागी. ताई, तुमची १ बाय १ ची निवड बरोबर आहे. चार बाजूंनी उतार काढायला मोठी फरशी कापावी लागते. पण म्हणूनच सांध्यांकडं जास्त लक्ष पाहिजे.

किती लागेल? फरशीच्या लांबी-रुंदीच्या बेरजेला त्यांच्या गुणाकारानं भागा, मग त्याला सांध्याची रुंदी, फरशीची जाडी आणि १.६ नं गुणा. मापं सगळी मिलिमीटरमध्ये. उत्तर येतं दर चौरस मीटरला किती किलो ते. ५ बाय ७ चं बाथरूम आणि भिंतीला ७ फुटांपर्यंत फरशी धरली, तर जमिनीला पाऊण किलोच्या वर आणि भिंतींना पावणेदोन किलोच्या आसपास. वाया जाणारं धरून तीन किलो आणा. एवढीच ती चैन.

आणि व्हाइट सिमेंटला ग्राउट म्हणू नका. ग्राउटमध्ये सिमेंट असतं, पण सोबत बारीक रेती किंवा दगडाची पूड, पॉलिमर आणि पाणी धरून ठेवणारं द्रव्य असतं. नुसतं सिमेंट घट्ट होताना आकसतं, केसासारखी भेग पडते. भिंतीची सिरॅमिक फरशी स्वतःच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ शकते. नुसतं व्हाइट भरलं की फरशीचे काठ त्यातलं पाणी ओढून घेतात, सिमेंट पिकायच्या आधीच सुकतं आणि त्याची पूड होते. ताईंचा खिळा आत गेला तो ह्याच पुडीत.

शाहूपुरी_गल्ली · रविवार, सकाळी १०:०५

एक गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून बोलतो. खालच्या काकूंच्या छताला ओल आली ती ग्राउट नसल्यामुळं नाही, तर वॉटरप्रूफिंग गेल्यामुळं. सिमेंटचं ग्राउट पाणी अडवतच नाही. त्याच्यावर पाण्याचा थेंब टाका, पाच मिनिटांत गडद डाग पडतो, म्हणजे पाणी आत गेलं. मग ग्राउटचं एवढं स्तोम कशाला? खालचा सिमेंटचा कोबा आणि त्यावरचा पाणी अडवणारा थर नीट असेल तर वर काहीही भरा.

आकडेमोड · रविवार, सकाळी १०:४०

शाहूपुरी, पहिलं वाक्य मला पूर्ण मान्य. ग्राउट म्हणजे वॉटरप्रूफिंग नाही, आणि हे सगळ्यांनी लक्षात ठेवावं. पाणी अडवायचं काम खालच्या थराचं. ताई, फरशीच्या आधी नहाणी ट्रॅप बंद करून पाणी साठवून बघितलंय का? किमान २४ तास, जमलं तर ४८. खालच्या काकूंना छत बघायला सांगा. ही परीक्षा चुकवू नका.

पण "वर काहीही भरा" हे मान्य नाही. रिकाम्या सांध्यातून रोज दोन बादल्या पाणी खाली उतरलं, साबण, तेल, मळ घेऊन, तर ते फरशीखालच्या मसाल्यात तुंबून राहतं. तो मसाला कधीच सुकत नाही. वास येतो, फरशी पोकळ वाजायला लागते, भिंतीला लोणा लागतो, म्हणजे क्षार फुटून रंग सुटतो. आणि खालचा थर अखंड पाण्याखाली राहिला की त्याचंही आयुष्य घटतं. भरलेल्या सांध्यातून झिरपतं ते थोडं असतं, ते सुकू शकतं.

शाहूपुरी_गल्ली · रविवार, सकाळी १०:५५

वास येतो ते बरोबर. आमच्यात येतोय. मला वाटत होतं ट्रॅपमधून येतोय. उद्या सांध्यात खिळा घालून बघतो.

दूधवाला_इंजिनिअर · रविवार, दुपारी १२:१०

मी एका दूध प्रकल्पात देखभाल बघतो. आमच्याकडं जमिनीला सिमेंटचं ग्राउट चालतच नाही. सांडलेलं दूध आंबतं, त्यातलं लॅक्टिक आम्ल सिमेंट खातं. वर कॉस्टिक आणि नायट्रिकनं धुलाई, गरम पाणी. सिमेंटचा सांधा काही महिन्यांत खड्डा होतो, मग त्यात दूध साठतं, मग जंतू. म्हणून तिथं इपॉक्सी. राळ आणि हार्डनर असे दोन भाग आणि त्यात मिसळायची बारीक पूड. त्याला छिद्रंच नसतात, पाणी पीत नाही, आम्लाला दाद देत नाही.

घरात दही आंबून जमीन खात नाही, पण लिंबू, चिंच, ताक, संडासात ओततो ते अॅसिड, हे सगळं त्याच जातीचं. मुद्दा हा, की कुठल्या सांध्यावर काय पडणार हे बघून ग्राउट निवडा. पाकिटावर सीजी लिहिलेलं असेल तर सिमेंटचं, आरजी असेल तर राळेचं. सीजी १ पेक्षा सीजी २ सरस.

पोळीभाजी_केंद्र · रविवार, दुपारी १:२५

दूधवाला दादांनी अॅसिडचं काढलं म्हणून सांगते. आईला बाथरूम पांढरं शुभ्र लागायचं. दर रविवारी अॅसिड. फेस आला की ती खूश, "बघ कसा मळ निघतोय". तो मळ नव्हताच. सिमेंट विरघळत होतं. सात-आठ वर्षांत सांधे एवढे खोल गेले की नाणं उभं राहील. आई गेली, ते बाथरूम मी अजून बदललेलं नाही, पण माझ्या नव्या स्वयंपाकघरात अॅसिडची बाटली येऊ देत नाही.

खायचा सोडा पाण्यात कालवून सांध्यावर लावायचा, पंधरा मिनिटांनी जुन्या टूथब्रशनं घासायचं. तेलकट असेल तर भांड्यांचा साबण आणि गरम पाणी. एवढं पुरतं. आणि एक हात जोडून सांगणं: अॅसिड आणि ब्लीच कधीही एकत्र ओतू नका. क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये जीव जाऊ शकतो.

दुधाळी_२०१९ · रविवार, दुपारी ३:००

माझं टोपणनावच सांगतंय मी कुठला ते, नदीकाठच्या दुधाळीचा. ऑगस्ट २०१९ ला पंचगंगेचं पाणी घरात सहा दिवस होतं. पाणी उतरल्यावर चिखल काढला, धुतलं, फिनाइल मारलं. तरी दिवाळीपर्यंत फरशीवर पाय पडला की सांध्यातनं गढूळ पाणी पचकन वर यायचं. सांधे सगळे धुऊन गेलेले आणि फरशीच्या मागं मसाला अख्खा नव्हता, पाच ठिकाणी गोळे देऊन लावलेली. त्या पोकळीत पुराचा गाळ भरून बसला होता. लेकाला सारखा खोकला. शेवटी सगळी जमीन काढली. फरशीखाली बोटभर जाडीचा काळा थर निघाला.

नवी फरशी लावताना मी स्वतः समोर बसलो. मागं पूर्ण मसाला, ३ मिलिमीटर सांधा, सिमेंटचं चांगलं ग्राउट, तळापर्यंत दाबून. इपॉक्सीला तेव्हा पैसे नव्हते. मग जुलै २०२१. परत पूर, परत घरात पाणी. पण ह्या वेळी चिखल फरशीच्या वरच राहिला. सांधे डागाळले, एवढंच. तीन दिवसांत घर सुकलं. धोका पातळी ४३ फूट आहे हे आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल, त्याच्यावर नदी गेली की आमचं घर वाचत नाही. पण फरशी वाचली.

उत्तरेश्वर_पेठ · रविवार, दुपारी ३:२०

दुधाळी, वाचून पोटात कालवलं. २०१९ ला आम्ही तुमच्याच बाजूला बोटीनं पाण्याचे कॅन पोचवत होतो.

जुना_वाडा · रविवार, सायंकाळी ५:४५

थोडं विषयांतर. आमच्या वाड्यात शहाबादी फरशी आहे, आजोबांच्या काळातली. कर्नाटकातनं आलेला दगड, हातानं घडवलेला, काठ वाकडेतिकडे, त्यामुळं सांधा कुठं बोटभर तर कुठं दोन बोटं. त्याला आमच्याकडं दरजा म्हणायचे. दरजा भरायला चुना बैलाच्या घाण्यात मळायचा. आजोबा सांगायचे, चुना मळून घट्ट दाबला की वर लोखंडी सळईनं घोटत बसायचं, चकाकी येईपर्यंत. काही दरजा अजून जशाच्या तशा आहेत.

गंमत अशी, की जिथं पुढच्या पिढीनं चुना काढून सिमेंट भरलं तिथं दगडाचे काठ फुटलेत. चुना थोडा मऊ, तो दगडाला सांभाळून घेतो. सिमेंट दगडापेक्षा कडक, ते नमत नाही, मग दगड फुटतो. सांध्यात भरायचं ते दोन दगडांपेक्षा जरा मवाळ असावं असं आजोबा म्हणायचे. ग्राउटलाही हे लागू पडतं का, जाणकारांनी सांगावं.

थापी_ओळंबा · रविवार, सायंकाळी ६:१०

लागू पडतं, आणि फार नेमक्या जागी. जमीन आणि भिंत जिथं भेटते तो कोपरा, दोन भिंतींचा कोपरा, कमोडच्या बुडाशी, दाराच्या चौकटीला. ह्या जागी दोन वेगळ्या वस्तू वेगवेगळ्या हलतात. तिथं सिमेंट भरा नाहीतर इपॉक्सी भरा, तडा जाणारच. तिथं रबरासारखं लवचिक सिलिकॉन भरायचं, ग्राउटच्याच रंगाचं मिळतं. दहापैकी नऊ बाथरूममध्ये पहिली भेग कोपऱ्यातच दिसते.

घाण्यातला चुना आठवून डोळे भरले. मी पोरसवदा असताना घाण्याच्या बैलामागं फिरलोय.

रंग_माझा_वेगळा_नको · रविवार, सायंकाळी ७:००

ग्राउटच्या रंगावरून आमच्या घरी पंधरा दिवस चर्चा चालली होती. शेवटी भावजी म्हणाले, "पांढरा रस्सा ताटात, जमिनीवर नको." फिका करडा घेतला. सगळ्यांना पटला.

नागाळा_पार्क · रविवार, रात्री ८:३०

इपॉक्सी म्हटलं की सगळे खूश होतात, म्हणून माझा अनुभव लिहिते. पैसे मोजून सगळ्या बाथरूमला इपॉक्सी केलं. ज्यांनी काम घेतलं त्यांनी हे आधी कधी केलंच नव्हतं, आणि तसं सांगितलंही नाही. त्यांनी अख्खा डबा एकदम कालवला. तास-पाऊण तासात ते दगडासारखं व्हायला लागलं, घाईघाईत भरलं आणि जेवायला गेले. परत आले तोवर फरशीवर राळेचा पातळ थर वाळून बसला होता. काळपट, धुरकट, खरखरीत फरशीच्या दाण्यादाण्यात अडकलेला. घासून, थिनर लावून, काही उपयोग नाही. आज चार वर्षं झाली, बाथरूम कोरडं असलं की ते धुकं दिसतं. सांधे मात्र पहिल्या दिवसासारखे आहेत, हे कबूल करायलाच हवं.

त्यामुळं ताई, मिस्त्रीमामांना इपॉक्सीची सवय आहे का ते आधी विचारा. नसेल तर चांगलं सिमेंटचं बरं.

दूधवाला_इंजिनिअर · रविवार, रात्री ८:५०

नागाळा ताईंनी फार मोलाचं लिहिलंय. आमच्याकडं दोन माणसं जोडीनं लागतात, एक भरतो, दुसरा लगेच मागून ओल्या पॅडनं घासतो आणि स्पंजनं उचलतो. थोडं थोडंच कालवायचं, पण राळ आणि हार्डनर पाकिटावर दिलेल्या प्रमाणातच, वजन करून. अंदाजानं केलं तर चिकटच राहतं. हातमोजे सक्तीचे, हार्डनरनं कातडीला खाज सुटते आणि एकदा सुटली की दर वेळी सुटते. मिस्त्रीला हातमोजे आपण आणून द्यावेत.

आणि उन्हाच्या जागी फिकं इपॉक्सी पिवळं पडतं. गच्चीला नको.

कळंबा_रिंगरोड · रविवार, रात्री ९:३०

सगळं वाचलं, दोनदा. सासूबाईंनाही वाचून दाखवलं. दुधाळीच्या दादांचं वाचताना त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "ठेवा फट."

पाणी साठवून बघितलं होतं, पण एकच रात्र. आज परत ट्रॅप बांधून पाणी भरलंय. काम बुधवारवर ढकललं. मिस्त्रीमामांशी बोलले. मी "तुमचं चुकतंय" असं म्हटलं नाही. गवंड्याचा पोर यांचं वाचल्यामुळं मी आधी मजुरीचं बोलले, सांधे भरायचा एक पूर्ण दिवस वेगळा धरा आणि त्याचे वेगळे पैसे घ्या. मामा म्हणाले, "मग करतो की, असं कोण सांगतच नाही." इपॉक्सी त्यांनी एकदाच केलंय, तेही दुसऱ्याच्या हाताखाली. तर काय करू? जमिनीला इपॉक्सी, भिंतीला सिमेंट?

थापी_ओळंबा · रविवार, रात्री १०:००

बरोबर ओळखलंत. जमीन ३५-४० चौरस फुटांचीच आहे, तेवढं मामा शिकून करतील. न्हाणीच्या भिंतीचा खालचा दीड फूट इपॉक्सीत घेतलात तर उत्तम, तिथंच पाणी आपटतं. वर सिमेंटचं.

भरण्याआधी सांधे साफ पाहिजेत, आतला मसाला उकरून तळ दिसला पाहिजे. फरशी लावल्यावर किमान एक दिवस थांबा, सिमेंटच्या मसाल्यावर लावली असेल तर आणखी. सिमेंटचं ग्राउट कालवताना पाणी कमी, टूथपेस्टसारखं. कालवून दहा मिनिटं ठेवायचं, परत कालवायचं, परत पाणी घालायचं नाही. पातळ केलं की भरायला सोपं जातं पण रंग ठिगळासारखा येतो आणि सांधा कच्चा राहतो. रबराच्या थापीनं तिरकं ओढायचं, सरळ ओढलं तर थापीचा काठ सांध्यात शिरतो आणि भरलेलं बाहेर काढतो. स्पंज घट्ट पिळून पुसायचं. दुसऱ्या दिवसापासून दोन-तीन दिवस सिमेंटच्या सांध्यावर पाण्याचा हलका शिडकावा.

शाहूपुरी_गल्ली · सोमवार, सकाळी ८:१०

खिळा गेला. चार ठिकाणी गेला. सगळं फोडावं लागेल का?

आकडेमोड · सोमवार, सकाळी ८:४५

घाबरू नका. आधी काठीच्या बोथट टोकानं फरशी वाजवून बघा. भरीव वाजत असेल आणि खाली ओल नसेल तर नुसते सांधे उकरून परत भरता येतात. पण वरच्या वर लेप देऊ नका, जुन्यावर नवं धरत नाही, पापुद्रा होऊन निघतं. सांध्याची खोली दोन तृतीयांश तरी मोकळी करा, धूळ काढा, पूर्ण सुकू द्या, मग भरा. सुकायला पावसाळ्यात वेळ लागतो, तोवर दुसरं बाथरूम वापरा. फरशी पोकळ वाजली तर मात्र तेवढी काढावीच लागेल.

कळंबा_रिंगरोड · पुढच्या आठवड्यात मंगळवार, रात्री ९:१५

झालं एकदाचं. पाणी ४८ तास ठेवलं, खालच्या काकू सकाळ-संध्याकाळ छत बघून फोन करत होत्या. कोरडं. मग फरशी. मामांनी जमिनीला इपॉक्सी तीन वेळा थोडं थोडं कालवून भरलं, मी स्वतः मागून पॅड मारला, हातमोजे घालून. धुरकट थर कुठंही नाही. कोपऱ्यात सिलिकॉन. भिंतीला करडं सिमेंटचं, तेच खरं तर जास्त देखणं दिसतंय. मामांनी जाताना त्यांच्या मुलाला मुद्दाम बोलावून सगळं दाखवलं.

एकच शंका. दीड पाकीट सिमेंटचं ग्राउट उरलंय. परत देऊ का?

थापी_ओळंबा · मंगळवार, रात्री ९:३०

फोडलेलं पाकीट परत घेणार नाहीत आणि देऊही नका. हवाबंद डब्यात कोरड्या जागी ठेवा, पण सिमेंटच ते, वर्षभरात वापरलं नाही तर गुठळ्या होतील. पाकिटावरचा रंगाचा आणि बॅचचा नंबर मात्र कापून जपून ठेवा, दहा वर्षांनी एखादा सांधा उकरला तर तोच रंग मागता येईल. चार-पाच फरशाही माळ्यावर टाका. मामांच्या मुलाला माझा नमस्कार सांगा.

गवंड्याचा_पोर · मंगळवार, रात्री ९:४१

ताई, सात दिवस इपॉक्सीवर गरम पाणी आणि साबणाचा मारा नको. तवर दुसऱ्या बाथरूममध्ये अंघोळी करा. आणि मामांची मजुरी वेळेवर दिलीत, हे वडिलांना वाचून दाखवलं मी.